दोन दिवस उघडणारं दार
(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हा विषय माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या माणसाला का दिला, असं काहींना वाटत असेल. मी गोदीत काम करतो. स्टीलच्या कॉइलला स्लिंग लावतो, क्रेनवाल्याला हात दाखवतो, पाळी संपली की कविता लिहितो. चित्रकला म्हणाल तर शाळेतल्या तासापुरती. पण आजचा विषय जितका चित्रांचा आहे तितकाच वखारीचा आहे. आणि वखार मला कळते.

झालंय असं, की आपल्याकडं एक पत्र आलंय. गोदीच्या भिंतीला लागून असलेल्या एका जुन्या वखारीत काही चित्रकार, शिल्पकार भाडं वाटून घेऊन काम करतात. पुढच्या महिन्यात एक शनिवार-रविवार ते आपली दारं सगळ्या लोकांना उघडणार आहेत. याला 'ओपन स्टुडिओ' म्हणतात. आपण संध्याकाळी हलगी घेऊन यावं, चार विद्रोही कविता म्हणाव्यात, अशी त्यांची इच्छा. यावरून आपल्यात दोन तट पडले. एक म्हणतो, बहिष्कार टाका, पांढरपेशांची थेरं आहेत ही. दुसरा म्हणतो, चला, मोठी माणसं येतील, ओळखी होतील, पेपरात नाव येईल. मला दोन्ही पटत नाही. का ते सांगतो. मग तुम्ही ठरवा.

आधी ही भानगड काय ते समजून घेऊ. शहरात जागेचं भाडं परवडत नाही म्हणून दहा-वीस-पन्नास कलावंत एक मोठी जागा घेतात, आत फळ्या ठोकून खण पाडतात, आपापल्या खणात काम करतात. वर्षातून एकदा-दोनदा दार उघडतात. कुणीही यावं, बघावं, विचारावं. सॅन फ्रान्सिस्कोत १९७५ पासून दरवर्षी अख्ख्या शहरातले कलावंत असे स्टुडिओ उघडतात. यात त्यांचा फायदा आहे. गॅलरीवाला मधे असला की विक्रीतला मोठा हिस्सा, कधी निम्मासुद्धा, कापून घेतो. इथं मुकादम मधे नाही. माल बनवणारा आणि घेणारा समोरासमोर.

ही गोष्ट मला चांगली वाटते. आणखी एक चांगली वाटते. गॅलरीत चित्र टांगलेलं असतं, पांढऱ्या भिंतीवर, दिव्याखाली. जसं काही आभाळातून पडलं! स्टुडिओत गेलात तर फरशीवर रंग सांडलेला दिसतो, टर्पेंटाइनचा वास येतो, कोपऱ्यात फसलेली वीस चित्रं भिंतीकडं तोंड करून उभी असतात. तेव्हा कळतं की हे काम आहे. पाठ दुखते, डोळे जळतात, माल खराब होतो, पुन्हा करावा लागतो. प्रतिभा, दैवी देणगी, सरस्वतीचा वरदहस्त वगैरे जी भाषा आपल्याला हजारो वर्षं लांब ठेवायला वापरली, तिची हवाच निघून जाते. म्हणून बहिष्कारवाल्यांना माझं सांगणं आहे: जिथं श्रम उघडा पडतो तिथं आपण पाठ फिरवायची नसते.

पण मग एक प्रश्न येतोच. आपला चांभार स्टेशनाबाहेर रस्त्यावर बसून काम करतो. त्याची रापी, त्याचा दोरा, त्याचा हात सगळ्या जगाला दिसतो. कुंभाराचं चाक अंगणात फिरतं. बुरुडाची टोपली रस्त्याच्या कडेला विणली जाते. यांचं दार कधी बंदच नव्हतं, कारण यांना दारच नव्हतं. यांच्या जागेला कुणी स्टुडिओ म्हटलं नाही. दोन दिवसांचा उत्सव केला नाही. मेलेलं ढोर ओढून नेणारा, त्याचं कातडं कमावणारा, त्या कातड्याची हलगी मढवणारा माणूस गावाबाहेर उघड्यावर काम करत होता. त्याच्या कामाला वास येतो म्हणून गावानं नाक धरलं, आणि त्याच हलगीच्या तालावर देवाची पालखी नाचवली. ज्याला आधी दार मिळालं त्यालाच ते उघडून दाखवता येतं. हे पहिलं ध्यानात ठेवा.

आता वखारीकडं येतो. हे स्टुडिओ जगभर बऱ्याचदा गोदीत, गिरणीत, कारखान्यातच का असतात? कारण सरळ आहे. उंच छप्पर, मोठ्या खिडक्या, टनाटनाचा माल सोसणारी जमीन आणि कमी भाडं. भाडं कमी का? तर आतला कामगार बाहेर गेला म्हणून.

तो कसा गेला? २६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत नेवार्कहून 'आयडियल एक्स' नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं. त्या दिवशी आमच्या धंद्यात कुणी रडलं नसेल. पण गोणी, पेटी, पिंप एकेक करून खांद्यावरून, हुकानं, जाळीनं उतरवणाऱ्या टोळ्यांचं मरण त्या जहाजात होतं. जिथं टोळ्या दिवसचे दिवस राबायच्या तिथं क्रेन आणि चार माणसं काही तासांत जहाज मोकळं करायला लागली. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळं आवार पाहिजे. शहराच्या पोटातल्या जुन्या गोद्या रिकाम्या पडल्या.

लंडनची सेंट कॅथरिन गोदी घ्या. १८२८ मध्ये उघडली. ती बांधायला त्या वस्तीतली साडेबाराशेच्या आसपास घरं पाडली. अकरा हजारांवर माणसं हुसकली. गोदीवर पोट भरणारी, दाटीवाटीनं राहणारी गरीब माणसं. भरपाई मिळाली ती घरमालकांना. राहणाऱ्यांच्या हाती वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही! मग तिथं चहा, लोकर, हस्तिदंत येऊन पडू लागला. लंडनच्या गोद्यांत कामगार रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे, मुकादम बोटानं माणसं निवडायचा. १८८९ ला तिथल्या गोदी कामगारांनी मोठा संप केला. मागणी किती? तासाला सहा पेन्स. आणि तो संप त्यांनी जिंकला.

ही सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये बंद पडली. त्याच साली ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी पुढाकार घेऊन 'स्पेस' नावाची संस्था काढली आणि तिथल्या रिकाम्या वखारीत कलावंतांना स्टुडिओ मिळवून दिले. जिथं कालपर्यंत हुकाचा खणखणाट होता तिथं ईझल उभे राहिले. ती संस्था आजही चालू आहे. पण कलावंत त्या गोदीत काही थोडीच वर्षं टिकले. मग बिल्डर आला. आज तिथं शौकीन लोकांच्या यॉट बांधलेल्या असतात, हस्तिदंताच्या वखारीत महागडे फ्लॅट आहेत. आधी झोपड्या गेल्या, मग कामगार गेला, मग चित्रकारही गेला.

आपल्या मुंबईत वेगळं झालं असं समजू नका. १९५० च्या दशकात वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाईंच्या बंगल्यातल्या संस्थेत हुसेन, गायतोंडे अशी माणसं स्टुडिओ थाटून होती. अल्काझींचं नाटक तिथं, रविशंकरांचं संगीत तिथं. एका आवारात सगळ्या कला. तो बंगला पाडला. तिथं उंच इमारत उभी राहिली. म्हणजे जमिनीच्या भावापुढं हुसेनही भाडेकरू, गायतोंडेही भाडेकरू. एवढ्यापुरते तरी ते आपल्या रांगेत उभे आहेत.

आता दुसरी गोदी सांगतो. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आग्नेय टोकाला हंटर्स पॉइंट म्हणून नौदलाचं जहाजदुरुस्तीचं आवार होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथं हजारोंनी कामगार लागले. टेक्सास, लुइझियानातून काळी माणसं आली, जशी आपली माणसं कोकणातून, देशावरून, मराठवाड्यातून मुंबईला आली. त्यांना राहायला टेकडीवर तात्पुरत्या लाकडी बराकी दिल्या. ते तात्पुरतेपण पुढं दोन पिढ्या चाललं! १६ जुलै १९४५ ला इंडियानापोलिस नावाची युद्धनौका हिरोशिमावर टाकायच्या बॉम्बचे भाग घेऊन याच धक्क्यावरून निघाली. १९४६ ला बिकिनी बेटाजवळ अणुस्फोटाच्या चाचण्या झाल्या. त्यात किरणोत्सर्ग लागलेली जहाजं घासायला-धुवायला इथं आणली. नौदलाची किरणोत्सर्गाची प्रयोगशाळा १९६९ पर्यंत इथंच होती. घाण कुणाच्या दारात टाकायची, हे सगळ्या जगातल्या राज्यकर्त्यांना बरोबर कळतं.

२७ सप्टेंबर १९६६ ला याच वस्तीत मॅथ्यू जॉन्सन नावाचा सोळा वर्षांचा काळा पोरगा पोलिसाच्या गोळीनं मेला. वस्ती पेटली. नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यावर आणले. पुढच्याच महिन्यात खाडीपलीकडं ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. त्या पँथरचं नाव १९७२ ला मुंबईत कुणी घेतलं, ते इथं सांगायला नको.

१९७४ ला नौदलानं आवार बंद केलं. टेकडीवरचा कामगार बेकार. १९८३ पासून रिकाम्या इमारतींत कलावंत येऊ लागले. पुढं त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. वसंतात आणि शरदात, वर्षातून दोनदा ते स्टुडिओ उघडत आले. १९८९ ला सरकारनं हे आवार देशातल्या सगळ्यात विषारी जागांच्या यादीत घातलं. माती साफ करायचं कंत्राट दिलं. आणि कंत्राटदाराच्या माणसांनी काय केलं? जिथली माती तपासायची तिथली न घेता दुसरीकडची चांगली माती नमुना म्हणून पाठवली! दोन सुपरवायझरांना २०१८ मध्ये त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आता डोळ्यासमोर आणा. त्या आवारात खाली स्टुडिओ, वर टेकडीवर काळ्यांची वस्ती. धूळ दोघांच्या छातीत जाते. चित्रकार आणि टेकडीवरची म्हातारी यांचा शत्रू एकच. पण वर्षातून दोनदा दार उघडतं तेव्हा त्या म्हातारीला काय म्हणून बोलावलं जातं? गिऱ्हाईक म्हणून? प्रेक्षक म्हणून? की तिच्या नवऱ्यानं याच शेडमध्ये वेल्डिंग केलं, म्हणून ही जागा तिचीही आहे, असं म्हणून? ओपन स्टुडिओची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे. हंटर्स पॉइंटलाही तीच आहे, आपल्या गोदीलाही तीच आहे.

आपल्याकडं ससून डॉकला हे थोडं घडलंय. १८७५ ची गोदी. पहाटे मासळी उतरते, कोळणी लिलाव करतात, बाया बसून कोळंबी सोलतात. नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या जुन्या वखारीत कलावंतांनी येऊन काम केलं आणि ती लोकांना उघडली. डॉकवरच्या माणसांचे मोठमोठे चेहरे बाहेरच्या भिंतीवर चिकटवले. पुन्हा २०२२ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत तसाच उत्सव झाला. मी म्हणतो, चेहरे लावले हे चांगलं केलं. ज्या चेहऱ्यांकडं शहर बघत नाही ते भिंतीएवढे मोठे केले. पण चेहरा भिंतीवर जाणं वेगळं आणि हात आत जाणं वेगळं. कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या पोरीला त्या वखारीत ब्रश धरून बसायला जागा मिळाली, तर मी म्हणेन की दार उघडलं.

'उघडणं' या शब्दाचा इतिहास आपल्याइतका कुणाला माहीत आहे? १९२३ ला बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला: चवदार तळं खुलं. कागदावर खुलं! तीन वर्षं एका ओंजळीला पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन चालत गेले आणि पाणी प्याले, तेव्हा ते उघडलं. लगेच सनातन्यांनी शेणमूत ओतून तळं 'शुद्ध' केलं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ साल उजाडलं.

यातून काय शिकायचं? निमंत्रण हे मालक देतो. तो वेळ ठरवतो, दिवस ठरवतो, तुम्ही कुठं उभं राहायचं ते ठरवतो. संध्याकाळी हलगी वाजवा, टाळ्या घ्या, चहा प्या, जा. रविवारी रात्री आठला कुलूप. हक्क असा दोन दिवसांचा नसतो. आपल्याला ज्यांनी पत्र पाठवलं ती माणसं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांच्या मनात प्रेम असेल. पण प्रेमानं दिलेल्या निमंत्रणातही आपली जागा कोपऱ्यातली असू शकते. हलगी आपली, कविता आपली, आणि आपण मात्र कार्यक्रमाची फोडणी!

ओळखी होतील म्हणणाऱ्या दोस्तांनाही एक उदाहरण देतो. एमरी डग्लस. सॅन फ्रान्सिस्कोतच वाढलेला पोरगा. पोरवयात सुधारगृहात होता, तिथल्या छापखान्यात कामाला लावलं, तिथं छपाईशी पहिली ओळख. मग कॉलेजात जाहिरातीची चित्रकला शिकला. १९६७ पासून ब्लॅक पँथरच्या पेपराची चित्रं त्यानं काढली, पार्टीचा सांस्कृतिक मंत्री झाला. त्याच्याकडं महागडा रंग नव्हता. जाड काळी रेघ, वर एखादा रंग, स्वस्त कागद. पण तो पेपर वस्तीवस्तीत विकला जायचा, चित्रं भिंतीवर चिकटवली जायची. भाडं भरणारी बाई, झाडू मारणारी बाई, पोरगं कडेवर घेतलेली बाई त्या चित्रात स्वतःला बघायची. त्यानं गॅलरीचं दार ठोठावलं नाही. पुढं म्युझियमं त्याच्याकडं आली. ओळखीच्या मागं धावणाऱ्यांनी हा क्रम नीट बघावा.

म्हणून माझं म्हणणं असं: आपण जायचं. पण चार गोष्टी आधी कळवून जायचं.

पहिली: आपण संध्याकाळी करमणुकीला येणार नाही. सकाळी येणार, काम चालू असताना. तुम्ही रंग कसा घोटता, माती कशी मळता, ते आम्ही बघू. आम्ही हलगी कशी मढवतो, कवितेची ओळ दहा वेळा खोडून कशी लिहितो, ते तुम्ही बघा. श्रमासमोर श्रम.

दुसरी: त्या वखारीत पूर्वी ज्यांनी माल उचलला ते निवृत्त कामगार अजून आपल्याच चाळींत आहेत. त्यांना शोधायचं काम आपलं. कुठला माल कुठल्या कोपऱ्यात थापी लावून रचायचे, कोण कुठल्या टोळीत होता, कुणाचा पाय कुठं चिरडला, हे त्यांच्या तोंडून घेऊन, त्यांची परवानगी घेऊन, त्याच भिंतीवर लिहायचं. चित्रांच्या शेजारी. चित्रांइतक्याच मोठ्या अक्षरात.

तिसरी: दोन दिवस संपल्यावर एक टेबल आणि एक किल्ली आपल्या पोरापोरींकडं राहील. पोस्टर छापायला, लिहायला. वीजबिलातला आपला वाटा आपण भरू. फुकट नको. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपतात, तिथं दिवा लावला की म्हातारा ओरडतो. आपल्या पोरींना तर जिन्यात बसूनसुद्धा लिहिता येत नाही. किती कविता जागेवाचून मेल्या याची मोजदाद कुठल्या समीक्षकानं केली? आपल्याला साहित्यात वाटा पाहिजे म्हणतो, तो वाटा टेबलापासून सुरू होतो.

चौथी: उद्या वखारीचा मालक भाडं वाढवून त्यांना हुसकेल, किंवा भिंतीलगतच्या झोपड्यांवर बुलडोझर येईल. तेव्हा दोघांनी एका ओळीत उभं राहायचं. सेंट कॅथरिनला हे घडलं नाही. आपण घडवू.

ते हो म्हणाले तर उत्तम. नाही म्हणाले तरी बहिष्काराचा बोर्ड लावून घरी बसायचं नाही. आपल्या वस्तीत बुद्धविहाराला लागून एक समाजमंदिर आहे. लग्नाशिवाय आणि निवडणुकीशिवाय ते उघडत नाही. त्याची किल्ली कुणाकडं असते ते तुम्हाला माहीत आहे. ती किल्ली आधी मागा. दर रविवारी ते उघडा. आणि तिथं आपण आपल्याच माणसांना कसं बोलावतो, आपल्यातल्या सफाईवाल्या बाईला, मातंग पोराला, मुसलमान हमालाला आत घेऊन काम करायला बसवतो की नुसतं टाळ्या वाजवायला, तेही लोक बघतील. दुसऱ्याच्या दाराला जी परीक्षा लावली ती आपल्या दाराला आधी लावायची.

पत्राचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. या चार गोष्टी मी कागदावर लिहून आणल्यात. खोडायचं ते खोडा, घालायचं ते घाला, आणि खाली सह्या करा.

जय भीम!